एकट्याची ड्यूटी

पावसाळा सरला की सासवने, आवास, किहीमपासून नागाव, चौल, रेवदंड्यापर्यंतच्या अष्टागरात बंगल्यांच्या खिडक्या उघडू लागतात. शुक्रवारी रात्री मांडव्याच्या बाजूने गाड्या येतात आणि रविवारी संध्याकाळी परततात. मधले चार-पाच दिवस बंगल्यात आणि मागच्या माड-पोफळीच्या वाडीत एकच माणूस असतो. मालक त्याला केअरटेकर म्हणतो, गावात तो वॉचमन म्हणून ओळखला जातो. करतो मात्र तो सगळंच. वाडीचं शिंपण, गवत काढणं, टाकी धुणं, पोहण्याच्या तलावात क्लोरीन टाकणं, जनरेटरला डिझेल घालणं, गच्चीवरची झावळं उतरवणं ही सगळी त्याचीच कामं. नेमणुकीचा कागद त्याच्याकडे बहुधा नसतो.

त्याची सकाळ जरा जवळून पाहू. साडेसहाला तो विहिरीवरची मोटर चालू करतो. स्टार्टरची पेटी भिंतीवर आहे, पावसाची ओल धरलेली, झाकणाचा एक स्क्रू केव्हाच गेलेला. मोटर फिरते पण पाणी ओढत नाही, म्हणजे फूटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकला. मोटर बंद करून तो चिऱ्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांनी खाली उतरतो, एका हाताने पाइप धरून दुसऱ्या हाताने पाला काढतो, वर येतो आणि ओल्या हातानेच पुन्हा बटण दाबतो. फाटकावर, पोर्चमध्ये, गाडी लावतात तिथे कॅमेरे आहेत. मालक वांद्र्याला चहा पिता पिता फोनवर आपलं फाटक पाहू शकतो. विहिरीच्या दिशेने एकही कॅमेरा नाही. त्या पायऱ्यांवरून हा माणूस घसरला, तर ते पहिल्यांदा कळेल त्याच्या बायकोला, आणि तेही दुपारी तो जेवायला आला नाही म्हणून.

पडणं, शॉक बसणं, साप चावणं, वायूने गुदमरणं हे चौघांत काम करणाऱ्यालाही घडतं. चौघांत असलेल्याला कोणी तरी ओढून बाहेर काढतं, कोणी मेन स्विच पाडतं, कोणी १०८ ला फोन लावतं. एकट्याच्या बाबतीत ही तिन्ही कामं करायला कोणी नसतं, आणि जो अपघात एरवी पायावर प्लास्टर घालून संपला असता तो जिवावर जातो. ही पुस्तिका या मधल्या वेळाबद्दल आहे. अपघात झाला त्या क्षणापासून तो दुसऱ्या माणसाला कळेपर्यंतचा वेळ कमी करणं हे मालकाचं काम आहे, असं मी मानतो. हे काम कायद्याने मालकावर कुठपर्यंत टाकलं आहे, कुठे टाकलेलं नाही, आणि टाकलं नसलं तरी करायचं कसं, एवढाच पुढच्या प्रकरणांचा विषय आहे.

बंगल्याचा राखणदार मी आधी घेतला, कारण या किनाऱ्यावर तो पावलोपावली दिसतो आणि कुठल्याच नोंदीत सापडत नाही. पण तो या रांगेतला एकटाच नव्हे. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात कोळंबीच्या तळ्यावर रात्रभर एअरेटर बघत बसणारा मुलगा आहे. पाण्यात वीज सोडलेल्या त्या यंत्रांमध्ये पहाटेपर्यंत त्याच्याशिवाय कोणी नसतं. महाडच्या बाजूला कोकण रेल्वेच्या रुळांवर पावसाळ्याच्या रात्री बॅटरी घेऊन गस्त घालणारा ट्रॅकमन आहे. १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली, माणसं गेली. पावसातल्या गस्तीचं मोल काय, हे तेव्हापासून कोणाला सांगावं लागत नाही. हजारो प्रवासी ज्याच्या नजरेवर झोपून जातात तो स्वतः अंधारात असतो. श्रीवर्धनच्या वाड्यांत एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जाणारा सुपारी काढणारा आहे. पेट्रोल पंपावरची रात्रपाळी आहे, एटीएमचा रखवालदार आहे, उपकेंद्रातली आरोग्य सेविका आहे, बुधवारी दुपारी रिकाम्या होमस्टेच्या खोल्या झाडणारी मावशी आहे. यांच्यात समान गोष्ट एकच. काम करताना त्यांची हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर कोणी नसतं.

भारतातल्या कुठल्याही कामगार कायद्यात ‘एकट्याने काम करणारा’ अशी वेगळी व्याख्या नाही. आपल्या कायद्याने सुरक्षेची सुरुवात माणसं मोजून केली. १९४८ च्या कारखाने अधिनियमात वीज वापरणारा कारखाना दहा कामगारांपासून आणि बिनविजेचा वीसपासून धरला होता. व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिने ते आकडे वीस आणि चाळीस केले. ही संहिता इतर तीन श्रमसंहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ ला अमलात आली. कारखान्यांपलीकडच्या आस्थापनांसाठी तिने दहा कामगारांचा उंबरठा ठेवला. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदाही दहा किंवा अधिक कामगारांसाठीच बनला होता. संहितेच्या सहाव्या कलमात मालकाची कर्तव्यं चांगली लिहिली आहेत. कामाची जागा इजा किंवा व्यवसायजन्य आजार होईल अशा धोक्यापासून मुक्त ठेवायची, ठरवून दिलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करायची, प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं. वाचून समाधान वाटतं. पण हे सगळं ज्या दारातून आत येतं त्या दारावर दहा माणसं उभी असावी लागतात. वाडीत एकटा आहे म्हणून ज्याला धोका जास्त, तोच एकटा आहे म्हणून बाहेर राहतो. ही उलटी मोजणी दुरुस्त व्हायला हवी, आणि तसं म्हणताना मला कसलाही संकोच नाही.

दोन अपवाद ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. खाणी आणि बंदरातलं गोदीकाम यांना संहितेने संख्येची अट घातलेली नाही. त्यामुळे उरणला न्हावा-शेवाच्या धक्क्यावर काम करणारा आत येतो आणि तिथून हाकेच्या अंतरावरचा खासगी गोदामाचा एकटा रखवालदार बाहेर राहू शकतो. दुसरा अपवाद जास्त महत्त्वाचा. धोक्याच्या किंवा जिवावर बेतणाऱ्या कामांबाबत केंद्र सरकार अधिसूचना काढून दहाची अट बाजूला ठेवू शकतं. मग एकच कामगार असला तरी कायदा लागू होतो. म्हणजे दार कायद्यातच आहे. ते उघडायला संसदेत नवं विधेयक आणावं लागत नाही, कामांची यादी काढून राजपत्रात छापावी लागते. विहिरीत आणि टाकीत उतरणं, माडावर चढणं, चालू विजेजवळ काम, खोल पाण्यावरचं काम ही नावं त्या यादीत सगळ्यात वर असावीत.

आपल्या कायद्याला एकट्याचा धोका कळलाच नव्हता असंही म्हणता येत नाही. जुन्या कारखाने अधिनियमाचं ३६ वं कलम पाहा. टाकी, खड्डा, पाइप, धुराडं अशा बंदिस्त जागेत विषारी वायू असण्याचा संभव असेल, तर तो काढून टाकण्याचे सगळे उपाय आधी करायचे. त्यानंतरही माणूस आत जाणार तो एक तर सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन जागा सुरक्षित असल्याचं लेखी दिल्यावर, नाही तर श्वसनाचं साधन लावून आणि कमरेच्या पट्ट्याला दोर बांधून. त्या दोराचं मोकळं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असलं पाहिजे, असं त्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. इतक्या कोरड्या भाषेच्या कायद्यात असं एखादं वाक्य सापडलं की ते लिहिणाऱ्याने कधी तरी टाकीच्या तोंडाशी उभं राहून पाहिलं असावं असं वाटतं. थळच्या खत कारखान्यात, रोह्याच्या धाटाव वसाहतीत, महाडच्या औद्योगिक वसाहतीत हे वाक्य सुरक्षा अधिकाऱ्यांना पाठ असतं. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या रिसॉर्टच्या सेप्टिक टाकीत मात्र माणूस दोराशिवाय उतरतो, कारण रिसॉर्टमध्ये माणसं सात.

सेप्टिक टाकीच्या बाबतीत तर ‘आमच्याकडे माणसं कमी’ ही सबब चालतच नाही. हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीची धोकादायक सफाई माणसाकडून करून घ्यायला बंदी घातली. ती बंदी पंचतारांकित हॉटेलाला आहे तशीच तीन खोल्यांच्या होमस्टेलाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडचा वास सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा येतो. प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच बंद पडते आणि माणसाला वाटतं की वास गेला, आता उतरायला हरकत नाही. तो कोसळला की काठावरचा दुसरा त्याला काढायला तसाच उडी घेतो. म्हणून या बातम्यांत मेलेले दोघे-तिघे असतात आणि ते बऱ्याचदा भाऊ किंवा बाप-लेक असतात. जुन्या विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पाणी उपसतानाही हेच होतं, फक्त तिथे वायू कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वासच नसतो. जोडीला माणूस असणं पुरेसं नाही. जोडीच्या माणसाला आपण आत जायचं नाही हे माहीत असावं लागतं.

वेळेचं मोल या रायगड जिल्ह्यात एका डॉक्टरने जगाला दाखवून दिलं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं मरत होती. गवत कापणारे, लाकडं रचणारे, चिरे उचलणारे असे कष्टाचेच लोक. बावस्करांनी रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून हृदयावर होणारा परिणाम टिपला, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवला. ४० टक्क्यांच्या घरातला मृत्युदर या उपचाराने १ टक्क्यापर्यंत खाली आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोळी स्वस्त आहे, तालुक्यात मिळते. ती लागू पडते मात्र वेळेत पोचलेल्याला. शेताच्या टोकाला एकट्या असलेल्या गड्याला फुरसं चावलं किंवा विंचू डसला आणि त्याच्या फोनला रेंज नसली, तर तो धावत सुटतो, अंगात विष लवकर भिनतं. महाडच्या त्या संशोधनाचं फळ त्याच्यापर्यंत पोचवणारा दुवा म्हणजे त्याची खबर घेणारा दुसरा माणूस. तो दुवा बांधायचा कोणी? ज्याने कामाला पाठवलं त्याने.

मृत्यूनंतर मात्र आपला कायदा माणसं मोजत बसत नाही, ही गोष्ट फार थोड्या मालकांना माहीत असते. १९२३ च्या भरपाई कायद्याची तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणात आली आहे. कामामुळे आणि कामाच्या ओघात अपघात होऊन कामगार दगावला किंवा जायबंदी झाला, तर भरपाई मालकाने द्यायची. जुन्या कायद्याची दुसरी अनुसूची मी किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत वाचून दाखवावी अशा मताचा आहे. दीपगृहात काम करणारा, समुद्रात मासे पकडण्याच्या कामावर ठेवलेला, ताडा-माडाचा रस काढणारा, झाडं तोडणारा, इमारतीतली विजेची फिटिंग दुरुस्त करणारा, कारखान्यातला किंवा आस्थापनेतला वॉचमन, असे लोक तिच्यात एकेक करून नोंदले आहेत. खांदेरीचं दीपगृह १८६७ पासून उभं आहे. इंग्रजी अमदानीतल्या कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की तिथला माणूस एकटा असला तरी कोणाचा तरी नोकर आहे. खासगी बंगल्यातला राखणदार या यादीत नेमका कुठे बसतो यावर वकील वाद घालू शकतील. बंगला पर्यटकांना भाड्याने दिला जात असेल, तर ‘हे माझं घर आहे, धंदा नव्हे’ हा मालकाचा युक्तिवाद टिकणं कठीण आहे, असं माझं मत.

हिशेब कसा होतो तेही पाहू. मृत्यू झाल्यास महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घेऊन त्याला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणतात. ४० वर्षांच्या माणसासाठी हा अंक १८४.१७ आहे. पगार १२,००० असेल तर निम्मे ६,०००, आणि भरपाई ११,०५,०२० रुपये. २०२० पासून या हिशेबात महिना १५,००० पर्यंतचा पगार धरला जातो. रक्कम देय झाल्यापासून एका महिन्यात दिली नाही, तर व्याज आणि वर दंडही लागू शकतो. मृत्यूच्या प्रकरणात ‘मी ग्लोव्हज दिले होते, तोच घालत नव्हता’ किंवा ‘तो प्यायला होता’ ही सबब कायदा ऐकत नाही. ज्याला हे अकरा लाख जड वाटतात, त्याने गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरवर तोडणाऱ्या आरसीसीबीची किंमत बाजारात विचारून यावं.

विजेचा विषय निघालाच आहे, तर महावितरणच्या लाइनमनबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. त्याचं नाव आता ‘जनमित्र’ आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, अलिबागच्या गावांत खांब आडवे झाले आणि कित्येक दिवस अंधार राहिला. बाहेरच्या जिल्ह्यांतून पथकं आणावी लागली. लाइनवर चढण्याची रीत ठरलेली आहे. उपकेंद्रातून परमिट घ्यायचं, फ्यूज उतरवायचे, लाइन मेलेली आहे का तपासायची, डिस्चार्ज रॉड लावायचा, कामाच्या दोन्ही बाजूंना तारा शॉर्ट करून अर्थिंग द्यायची आणि मगच चढायचं. प्रत्येक पायरीवर खाली दुसरा माणूस हवा. प्रत्यक्षात पावसात रात्री अकराला फोन येतो, गावातल्या दहा जणांचा तगादा सुरू असतो, जोडीदार दुसऱ्या फीडरवर गेलेला असतो, आणि जनमित्र ‘पाच मिनिटांचं तर काम’ म्हणून शिडी लावतो. त्याच वेळी रस्त्यापलीकडच्या बंगल्यात जनरेटर सुरू होतो. त्या बंगल्यात नीट चेंजओव्हर स्विच बसवलेला नसेल, तर जनरेटरची वीज उलटी गावच्या लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून उलट दिशेने चढते आणि मेलेल्या समजलेल्या तारेत ११,००० व्होल्ट उभे राहतात. दोन्ही बाजूंची अर्थिंग हीच तिथे त्याचा जीव वाचवते, आणि एकटा असताना घाईत गाळली जाते तीही हीच पायरी. म्हणून परमिटवर एकाचंच नाव असेल तर परमिट देऊच नये, आणि बंगलेवाल्याने आपल्या मीटरशेजारचा चेंजओव्हर स्विच तपासून घ्यावा. जनमित्र त्याचा नोकर नाही, तरीही ही काळजी त्याचीच आहे.

स्त्रियांच्या बाबतीत कायदा एक पाऊल पुढे गेला, आणि तोही एकट्या काम करणाऱ्या एका बाईमुळे. राजस्थानच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून गावात काम करणाऱ्या भंवरी देवींनी बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला. १९९२ मध्ये त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यांना कामावर पाठवणारं सरकार होतं, पण त्यांच्या सुरक्षेला जबाबदार असा मालक कोणी दिसेना. त्या प्रकरणातूनच विशाखा खटला उभा राहिला, १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. या कायद्याने कामाच्या जागेची व्याख्या रुंद केली. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा, तिथे नेणारं वाहन, इतकंच काय, राहतं घरसुद्धा त्यात आलं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणच्या बाईसाठी, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हाही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घरकाम करणारीलाही तोच मार्ग खुला आहे. रायगडात त्यासाठी अलिबागला दाद मागायची. दहाच्या आतल्यांना विसरायचं नाही हे एका कायद्याला जमलं, तर पडणं, बुडणं आणि शॉक यांच्या कायद्यालाही ते जमायला हवं.

आरोग्य सेविकेचा प्रश्न इथे येऊन मिळतो. रात्री दारावर थाप पडते, बाळंतपण अडलंय म्हणतात, आणि ती निघते. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये गेल वुडफर्ड ही दुर्गम भागातली परिचारिका अशाच रात्रीच्या हाकेनंतर मारली गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने कायदा केला की दुर्गम भागात वेळेबाहेरच्या हाकेला परिचारिकेने एकटीने जायचं नाही, सोबतीची व्यवस्था सेवा चालवणाऱ्याने करायची. त्या सोबतीचा पगारही सेवाच देते. आपल्याकडे ही सोबत बहुतेक वेळा तिच्या नवऱ्याची असते, फुकट.

परदेशाचे दाखले देताना तिथलं सगळं उचलून इथे आणावं असा माझा आग्रह नाही. पण ब्रिटनच्या १९७४ च्या कायद्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पाचपेक्षा कमी नोकर असतील तर मालकाला सुरक्षेचं धोरण लेखी ठेवण्यातून तिथे सूट आहे. नोकराची काळजी घेण्याच्या कर्तव्यातून सूट नाही, नोकर एकच असला तरीही. आकड्याने कागद कमी केला, जबाबदारी तशीच ठेवली. एकट्याने काम करणं तिथे बेकायदाही नाही. अमुक काम एकट्याला झेपेल का, याचा विचार मालकाने आधी करायचा, एवढीच अपेक्षा आहे. त्याच देशात १८०१ च्या सुमाराला वेल्सजवळच्या स्मॉल्स दीपगृहावर दोन राखणदार होते. एक मेला. खून केला म्हणतील या भीतीने दुसऱ्याने प्रेत समुद्रात न टाकता पेटीत घालून बाहेर बांधून ठेवलं आणि वादळ शमेपर्यंत कित्येक आठवडे दिवा एकट्याने पेटता ठेवला. सुटका झाली तेव्हा ओळखीच्या लोकांनाही तो ओळखू आला नाही. त्यानंतर तिथल्या दीपगृहांवर तिघांना ठेवायची पद्धत पडली, आणि दिवे स्वयंचलित होईपर्यंत ती टिकली.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. ग्रँट डी पॅटी नावाचा मुलगा २००५ मध्ये पेट्रोल पंपावर रात्री एकटाच होता. पैसे न देता पळणाऱ्या गाडीला अडवताना तो तिच्याखाली फरफटत गेला. थोड्याशा डॉलरांचं पेट्रोल होतं ते. त्याच्या आई-वडिलांनी पाठपुरावा केला आणि २००८ पासून तिथे आधी पैसे, मग पेट्रोल असा नियम झाला. एकट्या कामगाराबद्दलचे तिथले नियमही साधे आहेत. त्याची खबर किती वेळाने घ्यायची ते त्याला विचारून ठरवायचं. खबर घेणारा माणूस नेमायचा. प्रत्येक खबरेची नोंद ठेवायची. उत्तर आलं नाही तर पुढे काय करायचं ते आधीच लिहून ठेवायचं. आणि काम संपल्यावर एकदा शेवटची खबर घ्यायची.

यातलं आपल्याला न परवडणारं काय आहे? मिस्ड कॉल फुकट असतो, आणि तो वापरण्यात आपला हात धरणारा कोणी नाही. राखणदाराने मोटर चालू करताना एक मिस्ड कॉल द्यावा, विहिरीतून वर आल्यावर दुसरा. वीस मिनिटांत दुसरा आला नाही तर मालकाने त्याला फोन करायचा, उचलला नाही तर शेजारच्या वाडीतल्या, पगार देऊन ठरवलेल्या माणसाला पाठवायचं. त्या माणसाला मेन स्विच कुठे आहे ते माहीत हवं, आणि आत उडी घ्यायची नाही हेही. जिथे रेंज नाही, जसं खाडीच्या आतल्या तळ्यांवर आणि डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर, तिथे ठरलेल्या वेळी प्रत्यक्ष फेरी मारावी लागेल. त्याचा खर्च आहे, आणि तो मालकाचा आहे. काही कामं मात्र मिस्ड कॉलच्या भरवशावरही एकट्याला देऊ नयेत. ती कोणती, आणि का, यावर तिसरं प्रकरण आहे. ते वाचून मालकाने विहिरीच्या भिंतीवर त्या कामांची पाटी लावली तरी पुष्कळ झालं.

‘आमचा माणूस सांगून ऐकत नाही’ ही तक्रार मला प्रत्येक मालकाकडून ऐकायला मिळते. ती खोटी नसते. बारा वर्षं त्याच पायऱ्या उतरलेल्या माणसाला दोर बांधायला सांगणं म्हणजे त्याच्या कसबावर शंका घेतल्यासारखं त्याला वाटतं. पण ज्या कामाला दोन तास लागतात त्याला एकच तास दिला, जोडीचा माणूस मागितला की ‘एवढ्याशा कामाला दोघं कशाला’ म्हटलं, आणि उशीर झाला की फोनवर आवाज चढवला, तर तो दोर बांधणार कधी? सुरक्षेच्या संहितेच्या चौदाव्या कलमाने कामगाराला सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि जिवाला धोका दिसला तर तसं कळवण्याचा अधिकार दिला आहे. एकट्या माणसाच्या पाठीशी ना संघटना असते ना सुरक्षा समिती. त्याने ‘आज उतरत नाही, पायऱ्या निसरड्या आहेत’ म्हटलं आणि त्याची नोकरी टिकली, तरच तो अधिकार खरा. पाचव्या प्रकरणात नेमणूकपत्राचा एक नमुना दिला आहे. कोणतं काम एकट्याने करायचं नाही, खबर कोणाला द्यायची आणि नकार दिला तर पगार कापला जाणार नाही, ही तीन वाक्यं त्यात मुद्दाम घातली आहेत.

ही पुस्तिका वकिलांसाठी लिहिलेली नाही. कलमांचे आकडे जिथे टाळता आले तिथे टाळले आहेत. नवी संहिता नुकतीच लागू झाली आहे, तिच्याखालचे नियम पूर्ण बसेपर्यंत जुने नियम विसंगत नसतील तिथवर चालू राहतात, त्यामुळे दोन्हींचा उल्लेख ठिकठिकाणी सापडेल. शेवटी फोन नंबरांचं एक पान आहे: रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिस आणि इतर तातडीसाठी ११२, विजेसाठी १९१२, समुद्रात अडकलेल्यांसाठी तटरक्षक दलाचा १५५४. त्याखाली तीन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. शेजारच्या वाडीतला माणूस, जवळचं आरोग्य केंद्र आणि मालकाचा उचलला जाणारा नंबर तिथे लिहायचा. पान कापून स्टार्टरच्या पेटीशेजारी लावता यावं म्हणून एकाच बाजूला छापलं आहे.

किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींकडे एक मागणी करून थांबतो. होमस्टे, रिसॉर्ट, कोळंबीची तळी यांना ना हरकत दाखला देताना पार्किंग, सांडपाणी आणि घरपट्टी यांची विचारपूस तुम्ही करताच. त्याच अर्जावर आणखी एक रकाना घाला: इथे रात्री एकटा कोण असेल, आणि त्याची खबर दर किती वेळाने कोण घेईल. मालकाने तिथे नाव आणि वेळ लिहिल्याशिवाय दाखला देऊ नका.